दोष गाडीचा की दादाचा

डिसेंबरात मी बंगळूरला जाऊन आले. तिथे एकही बाग पाहिली नाही, राजवाडा पाहिला नाही, खरेदीही केली नाही. सहा दिवसांतले निम्मे दिवस कधी एका पत्र्याच्या शेडमध्ये, कधी रस्त्याच्या कडेला, जुन्या मोटारीच्या बॉनेटमध्ये डोकं घालून गेले. तरीही आल्यापासून ज्याला त्याला मी त्याच प्रवासाबद्दल सांगतेय, तेव्हा एकदा लिहूनच काढते.

आधी माझ्याबद्दल थोडं. सांगलीच्या एका कॉलेजात मी एकतीस वर्षं पदार्थविज्ञानाची प्रयोगशाळा सांभाळली. मुलांनी आणून दाखवलेला पहिला आकडा मी नेहमी खोटाच धरायची. "पुन्हा घे," म्हणायची. दोनदा तेच आलं तर वहीत सही. ही सवय निवृत्तीनंतर उपकरणांवरून माणसांवर आली, असं माझ्या मुलीचं म्हणणं आहे. ते खोटं नाही.

नोव्हेंबरच्या शेवटी निखिलचा फोन आला. निखिल माझा भाचा, वसंतदादाचा एकुलता एक मुलगा. तो मारतहळ्ळीला राहतो, तिकडच्याच एका कंपनीत कामाला आहे. दादा आणि वहिनी येलहंक्याला, दादाने नोकरीत असताना बांधलेल्या घरात.

"आत्या, तू ये ना थोडे दिवस," तो म्हणाला. "बाबांची गाडी सारखी बंद पडते. मधे रस्त्यात. ते किल्ली ऑन ठेवतात, बॅटरी डाऊन होते, मग मेकॅनिकला शिव्या. मला वाटतं त्यांना लक्षात राहत नाहीये आता. गाडी विकायला कन्व्हिन्स कर त्यांना. तुझं ऐकतात ते."

माझं दादा कधी ऐकत नाही, हे निखिललाही माहीत आहे. मग मला का बोलावतोय? गाडी झाली की घर, घर झालं की मारतहळ्ळीचा दोन खोल्यांचा फ्लॅट, असा सगळा पुढचा रस्ता मला फोनवरच दिसला. मी लगेच तिकीट काढलं, पण निखिलची बाजू मांडायला नव्हे.

यशवंतपूर ते येलहंका

रेल्वेच्या प्रवासाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. यशवंतपूरला सकाळी उतरले तेव्हा तोंडातून वाफ निघत होती. सांगलीत डिसेंबरातही दुपारी पंखा लावतो आम्ही. दादा फलाटावर कानटोपी घालून उभा होता. एकाहत्तर वर्षांचा माणूस, पण पाठ अजून सरळ. माझी बॅग त्याने हातातून काढूनच घेतली.

"रिक्षा करू," मी म्हटलं.

"गाडी आणलीय मी," तो म्हणाला.

गाडी तीच, करड्या रंगाची, गोल दिव्यांची. मी कॉलेजात शिकत असताना असल्या गाड्या डॉक्टरांकडे आणि बागायतदारांकडे असायच्या. दादाने ती कारखान्यातल्या एका साहेबाकडून घेतली आणि पुढची तेवीस वर्षं रविवार तिच्यावर घालवले. आतलं रेक्झिन नवं होतं, काचा लखलखीत. पहिली दहा मिनिटं ती इतकी छान चालली, की निखिलच्या फोनबद्दल माझा संशय पक्का झाला.

हेब्बाळच्या पुलाच्या अलीकडे तिने एक गचका दिला. मग दुसरा. दादाने पाय थोडा दाबला, थोडा सोडला. तिसऱ्या गचक्याला इंजिन बंद पडलं आणि गाडी आपल्या वजनाने थोडी पुढे जाऊन मधल्या रांगेत उभी राहिली. मागे बस होती. बसच्या मागे सगळं बंगळूर होतं, असं हॉर्नवरून वाटलं.

एक पोलीस धावत आला. त्याने कानडीत काय सांगितलं ते हातवाऱ्यांवरून कळलं. डिलिव्हरीची पेटी पाठीला लावलेला एक माणूस स्कूटर बाजूला लावून आमच्या मागे आला, "स्वल्प तळ्ळी, सार," म्हणत त्याने आणि पोलिसाने मिळून गाडी कडेला ढकलली. मी पण ढकलली. दादा स्टिअरिंग धरून बसला होता आणि त्याचा चेहरा मला आरशात दिसत होता. त्याला इतकं शरमलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

बॉनेट उघडून आम्ही उभे राहिलो. दूरवर तलावावर धुकं होतं. वीस मिनिटांनी दादाने पुन्हा चावी फिरवली आणि गाडी जणू काही झालंच नाही अशी सुरू झाली.

"हा गुरप्पाच काहीतरी करतो," दादा पुन्हा रस्त्याला लागल्यावर म्हणाला. "माझा मेकॅनिक. त्याच्याकडे असते तोवर बरी. बाहेर काढली की ही तऱ्हा. वर्षभरात तीन कॉइल बदलल्या त्याने. आणि आता सांगतोय, सर, विकून टाका, माझ्याकडे गिऱ्हाईक आहे."

"गिऱ्हाईक कोण?"

"मारतहळ्ळीचं कुणीतरी."

मारतहळ्ळी म्हटल्यावर माझ्या मनात निखिलच आला. दादाने गाडी घराच्या रस्त्याला वळवली. मग म्हणाला, "बंद पडली ते घरात सांगू नकोस."

वहिनी आणि अवरेकाळू

वहिनी निपाणीच्या. माहेरी मराठी, शेजारी कानडी, त्यात बंगळूरची चाळीस वर्षं, त्यामुळे त्यांच्या एका वाक्यात दोन्ही भाषा सुखाने नांदतात. गेल्या गेल्या त्यांनी पितळी पेल्यातून कॉफी दिली आणि माझ्यासमोर एक टोपलं ठेवलं.

"सरी, आता बसा वन्सं. सीझन आहे. अवरेकाळू सोलायचे."

हे आपल्या वालाचेच भाऊबंद. थंडीत इथे भाजीच्या गाड्यांवर त्यांचे ढीग लागतात आणि शेंगेला एक तेलकट, उग्र, पण हवासा वाटणारा वास असतो. दाणे भिजवायचे, मग अंगठा आणि बोटात धरून दाबले की साल हातात राहते आणि आतला हिरवा दाणा टुणकन उडतो. आपण डाळिंब्या सोलतो तसंच, फक्त आपण मोड आणून सोलतो, इथे मोड यायची वाट बघत नाहीत. चवीला हे दाणे लोण्यासारखे निघाले. दुपारी त्यांची आमटी आणि नाचणीचा उंडा. उंडा चावायचा नाही, गिळायचा, हे मला तिसऱ्या घासाला कळलं.

पण ते नंतर. आम्ही सोलत बसलो होतो तेव्हा दादा मागच्या दाराने आला, "मोटर लावतो," म्हणाला, बटण दाबलं आणि पेपर घेऊन गच्चीच्या जिन्यात बसला. पाऊण तासाने टाकी भरून वाहायला लागली. पाणी जिन्यावरून त्याच्याच पायाशी आलं तेव्हा तो उठला. "मोटर कुणी लावली?" त्याने विचारलं.

"मीच की," वहिनी म्हणाल्या. "लावली आणि विसरून बसले."

वहिनी त्या पाऊण तासात माझ्यासमोरून हलल्याही नव्हत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या खाली मान घालून दाणे सोलत राहिल्या. त्यांचा वेग मात्र वाढला होता.

दुसरी सकाळ

दादा अंघोळीला गेला होता. मी फिरायला म्हणून बाहेर पडले आणि अंगणात उभ्या गाडीपाशी थांबले. किल्ली आतच होती, फिरवलेली. डॅशबोर्डवर एक लाल दिवा मंद जळत होता.

मी बॉनेट उचललं. कॉइल म्हणजे पेल्याएवढा एक काळा डबा. त्याला बोट लावलं आणि चटकन मागे घेतलं. पोळलं.

इथे थोडं शास्त्र सांगावं लागेल, पण अवघड नाही. त्या डब्यात तारेची दोन वेटोळी असतात, एक जाड तारेचं, एक बारीक. जाड वेटोळ्यातून बॅटरीची वीज वाहते. ती वाहते तोवर काही घडत नाही. ती एकदम तोडली, की बारीक वेटोळ्यात हजारो व्होल्टचा झटका उठतो, त्याची ठिणगी पडते आणि पेट्रोल पेटतं. हे जोडायचं आणि तोडायचं काम शेजारच्या डिस्ट्रिब्युटरमधला एक बारकासा स्विच करतो. त्याला पॉइंट म्हणतात. इंजिन फिरतं तसा तो उघडतो, मिटतो, मिनिटाला हजारो वेळा. आमच्या प्रयोगशाळेत याच तत्त्वावर चालणारं एक जुनं उपकरण होतं, त्यामुळे मला हे पाठ होतं. इंजिन बंद असताना किल्ली चालू राहिली आणि पॉइंट नेमका मिटलेला असला, तर वीज नुसती वाहत राहते. कॉइल तापते, बॅटरी बसते.

म्हणजे निखिल खोटं बोलत नव्हता.

मी किल्ली बंद केली आणि घरात आले. वहिनींनी विचारलं, "लवकर आलात?" मी म्हटलं, "थंडी आहे." नाश्त्याला बशीएवढी तट्टे इडली होती. ती खाताना माझ्या लक्षात आलं, की काल वहिनींनी जे केलं तेच मी आज केलं होतं.

गुरप्पाची शेड

गुरप्पाचं गॅरेज जुन्या येलहंक्यात, एका मोठ्या झाडाखाली. नाश्त्यानंतर दादाने मला गाडीतूनच तिथे नेलं; तो गाडी लावेपर्यंत मी आत गेले. तो जमखंडीकडचा, साठीचा, मराठी चांगलं बोलणारा. मी ओळख सांगितल्यावर त्याने खुर्ची पुसून दिली. मी बसले नाही.

"गाडीला काय झालंय?" मी विचारलं.

"काही नाही की ओ, अक्का. गाडी बरोबर आहे."

"काल हेब्बाळला बंद पडली."

"तेच सर म्हणतात. इथं आणली की बंद पडत नाही. मी काय करू, सांगा."

फळीवर तीन जुन्या कॉइल ओळीने ठेवल्या होत्या, तिन्हींवर खडूने दादाचं नाव. मी त्याचा मीटर मागून घेतला आणि एकेक मोजली. तिन्ही अगदी सारख्या, गाडीत बसवलेल्या चौथीशीही जुळणाऱ्या. पुन्हा मोजल्या, तेच.

"या चांगल्या आहेत, गुरप्पा."

"होय."

"मग का काढल्या?"

"सरांनी सांगितलं, बदल म्हणून. मी नको म्हटलं. ऐकत नाहीत. म्हणून जपून ठेवल्या, परत लागतील."

दादा शेडच्या दाराशी उभा होता. "मी कधी सांगितलं?" तो म्हणाला. "तूच म्हणालास, कॉइल गेली."

गुरप्पाने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हातातला पाना पुसायला घेतला. भांडायला उभा न राहणारा माणूस एकतर खरा असतो नाहीतर फार मुरलेला. मला दुसरी शक्यता जास्त वाटली.

त्याने एक छोटा बल्ब घेतला, त्याच्या दोन तारांपैकी एक कॉइलच्या पॉइंटकडच्या टोकाला लावली, दुसरी गाडीच्या पत्र्याला. "हे बघा अक्का. पॉइंट मिटला की दिवा विझणार, उघडला की लागणार." त्याने इंजिन सुरू केलं. दिवा इतक्या भराभर लागत-विझत होता, की नुसता मंद, थरथरता उजेड दिसत होता. म्हणजे स्विच आपलं काम नीट करत होता. तासभर इंजिन चालू ठेवलं. दिवा थरथरत राहिला. गाडी एकदाही अडखळली नाही.

"गिऱ्हाईक आणलंय म्हणे तुम्ही," मी निघताना विचारलं.

"निखिलसरांनी विचारलं, कोण घेईल का. माझ्या ओळखीत एक होते. सांगितलं." तो जरा थांबला. "अक्का, सर रस्त्यात एकटे अडकतात. मला ते बरं वाटत नाही."

बाहेर आल्यावर दादा म्हणाला, "बघितलंस? तुझ्यासमोर कसा साळसूद."



शनिवार

निखिल दुपारी आला. जेवणं झाल्यावर त्याने मला चौकातल्या हॉटेलात नेलं, जिथे सगळे उभ्यानेच खातात आणि दोघांत एक कॉफी मागायला कुणी लाजत नाही. बाय टू म्हटलं की झालं. सांगलीत असं मागितलं तर वेटर वरून खाली बघेल.

"मग, बोललीस बाबांशी?"

"तुला ते घर हवंय का?" मी सरळ विचारलं.

त्याने पेला खाली ठेवला. त्याला राग आला असता तर मला बरं वाटलं असतं. "आत्या, दोन महिन्यांपूर्वी बाबा गाडी घेऊन मारतहळ्ळीच्या पुलाखाली आले. तिथून मला फोन केला. म्हणाले, मी इथे कशाला आलोय रे? मी ऑफिसातून धावत गेलो. तोवर त्यांना आठवलं होतं. म्हणाले, गाडी बंद पडली म्हणून डोकं गरगरलं. आता मला सांग, गाडी बंद पडली म्हणून ते गोंधळले, की ते गोंधळले म्हणून गाडी बंद पडली? मला माहीत नाही. आणि विचारलं की ते चिडतात."

"डॉक्टर?"

"नाही म्हणतात. गाडी नीट झाली की बघू म्हणतात."

मला ही पळवाट वाटली. पण निखिलचा प्रश्न चांगला होता. प्रयोगात दोन गोष्टी एकाच वेळी बदलत असतील तर कशामुळे काय झालं ते सांगता येत नाही. आधी एक बाजूला काढावी लागते. माणसाला बाजूला काढता येत नव्हतं. गाडीला येत होतं.

दोड्डबळ्ळापूर रस्ता

रविवारी सकाळी मी गुरप्पाला म्हटलं, "गाडी तुमच्याकडे बरी असते आणि रस्त्यावर बिघडते. मग हा दिवा रस्त्यावर घेऊन जाऊ."

त्याने लांब तारा जोडल्या, बॉनेटच्या फटीतून आणि खिडकीतून आत घेतल्या. दिवा माझ्या हातात. दादा चालवायला, गुरप्पा मागे. आम्ही दोड्डबळ्ळापूरच्या रस्त्याला लागलो. दुतर्फा नव्या इमारती, मधेच एखादी द्राक्षबाग राहिलेली. आमच्याकडच्या बागा आठवून मी क्षणभर तिकडे बघितलं, पण लगेच नजर दिव्यावर आणली. तिघांनाही दुसऱ्या दोघांवर संशय होता, असं मला आता वाटतं.

चौदा-पंधरा मिनिटांनी, सपाट रस्त्यावर, मध्यम वेगात, पहिला गचका बसला. त्याच क्षणी माझ्या हातातला मंद दिवा लख्ख झाला. मग पुन्हा थरथरला. दुसरा गचका, पुन्हा लख्ख. तिसऱ्या वेळी इंजिन बंद पडलं आणि दिवा लख्खच राहिला.

"कुणी काही हात लावू नका," मी म्हटलं. दादाचे हात स्टिअरिंगवर होते. किल्ली चालू होती. त्याने काहीही केलं नव्हतं. हे मी स्वतः पाहिलं होतं.

दिवा विझला असता तर कॉइलपर्यंत वीजच येत नाही असा अर्थ झाला असता. पण दिवा जळत होता, म्हणजे वीज येत होती. कॉइलही ठीक होती. फक्त स्विच मिटत नव्हता. जोडलंच जात नव्हतं, तर तुटणार काय आणि ठिणगी पडणार कुठून?

गुरप्पाने डिस्ट्रिब्युटरचं टोपण काढलं. पॉइंट स्वच्छ होते. त्याने हाताने इंजिन थोडं फिरवून ते मिटवले आणि बोटाने आतली पट्टी जराशी हलवली, तेवढ्यात दिवा विझला, अगदी हवा तसा. "परत बरोबर," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात पहिल्यांदा वैताग होता.

"हा बारीक पाईप कशाचा?" मी विचारलं. डिस्ट्रिब्युटरच्या कुशीतून एक नळी इंजिनाकडे गेली होती.

"हा ओढतो. गाडी वेगात असली की इंजिन यातून हवा ओढतं, आणि पॉइंटखालची पट्टी थोडी फिरते. ठिणगी जरा आधी पडायला."

"गॅरेजमध्ये उभी असताना ओढतं?"

"नाही. उभ्या गाडीत कुठलं."

तो बोलता बोलता थांबला. मीही थांबले. मग मी ती नळी इंजिनाकडून सोडवली, पदराने पुसली आणि तोंडात धरून जोरात हवा ओढली. पेट्रोलचा कडू वास थेट डोक्यात गेला. आतली पट्टी एका अंगाला सरकली आणि दिवा लागला. श्वास सोडला, पट्टी मागे आली, दिवा विझला.

"पुन्हा घे," दादा म्हणाला. माझंच वाक्य त्याने माझ्यावर वापरलं. मी पुन्हा ओढली. लागला. सोडली. विझला.

गुरप्पा टॉर्च घेऊन वाकला. पट्टीपासून डिस्ट्रिब्युटरच्या अंगाला जाणारी, सुती वेष्टणाची एक तार होती, करंगळीएवढी लांब. पॉइंटमधून आलेली वीज तिच्यातूनच पुढे जाते. वरून धडधाकट दिसत होती. त्याने चिमट्याने ओढली तेव्हा वेष्टण ताणलं गेलं, कारण आत तांबं तुटलेलं होतं. टोकं एकमेकांना टेकून असायची. पट्टी फिरली की सुटायची. परत टेकायची कधी लगेच, कधी वीस मिनिटांनी.

गुरप्पा रस्त्याच्या कडेला मातीत बसला. "वर्षभर या तारेवरून माझा हात फिरतोय, सर," तो दादाला म्हणाला. "पॉइंट काढले, घातले, साफ केले. हिच्याकडे बघितलं नाही. चूक माझी आहे."

दादाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मी तुला चोर समजत होतो," तो म्हणाला.

"माहीत आहे की," गुरप्पा म्हणाला.

त्याने डबीतून जुन्या वायरीचा तुकडा काढून तिथेच तात्पुरती जोडणी केली. पुढच्या गावापर्यंत जाऊन आम्ही परत आलो, वेगात, सावकाश, चढावर, उतारावर. एकही गचका नाही.

घरी

निखिल ओट्यावर होता, वहिनी शेजारी. मी गाडीतून उतरता उतरताच सुरुवात केली. तार, दिवा, नळी, सगळं सांगितलं. "तुझ्या बाबांचा काही दोष नाही. गाडीचा होता. आता विकायचं नाव काढू नकोस."

निखिलचे डोळे भरले. "सॉरी, बाबा," तो म्हणाला.

"थांब, सुनी," दादा मला म्हणाला. तो पायरीवर बसला, कानटोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "गाडी बंद पडायची ती तारेमुळे. बरोबर. पण किल्ली चालू राहते ती माझ्यामुळे. परवा सकाळी तू बंद केलीस. मी अंघोळीहून आलो तेव्हा बॉनेट नीट लागलेलं नव्हतं."

मी वळून बॉनेटकडे पाहिलं.

"मोटर मीच लावली होती. हिने स्वतःवर घेतलं. गुरप्पाला कॉइल बदलायला मी सांगितलं असेल. तो खोटं बोलत नाही, हे आज कळलं, म्हणजे मीच सांगितलं असणार. मला आठवत नाही." तो सावकाश, एकेक मुद्दा मांडावा तसा बोलत होता. आयुष्यभर त्याने कारखान्यात मालाची तपासणी केली होती. "दोन्ही एकात एक मिसळलं होतं. प्रत्येक वेळी मला वाटायचं, गाडीच आहे. मग वाटायचं, मीच आहे. डॉक्टरकडे जाऊन सांगणार काय? म्हणून निखिलला म्हटलं, सुनीला बोलाव. ती कुणावर विश्वास ठेवत नाही."

मी निखिलकडे वळले. "मला तू बोलावलं होतंस ना?"

"बाबांनी सांगितलं होतं, माझं नाव सांगू नकोस," निखिल म्हणाला. "नाहीतर ती माझ्या बाजूने येईल, म्हणाले."

सांगलीहून निघताना मी नेमकं तेच करत होते.

वहिनी उठून आत गेल्या. आतून भांड्यांचा आवाज आला नाही, बराच वेळ. दादा म्हणाला, "उद्या अकराची वेळ घेतलीय. महिन्यापूर्वीच घेतली होती, पुढे ढकलत होतो."

सोमवार

दवाखान्यात निखिल दादाचीच गाडी घेऊन आला. ती गाडी त्याने पहिल्यांदाच चालवली आणि दादा शेजारी बसून एकदाही काही बोलला नाही. डॉक्टर एक मध्यमवयीन बाई होत्या. त्यांनी दादाला वार, महिना, काही शब्द, काही चित्रं विचारली. बरंचसं त्याने बरोबर सांगितलं. काही नाही. मग त्यांनी विचारलं, हे कधीपासून आहे?

"मला विचारून उपयोग नाही," दादा म्हणाला. "हिला विचारा."

वहिनींनी पदर सारखा केला. त्या काही नाही म्हणतील, अशी मला खात्री होती. पण त्या कानडीत बोलायला लागल्या, सुरुवातीला अडखळत, मग न थांबता. मला तुकडे तुकडे कळत होते, निखिल हळूच बाकीचं सांगत होता. चालू राहिलेला गॅस. दोनदा घातलेलं मीठ. ओळखीच्या रस्त्यावर चुकलेलं वळण. दादा ऐकत होता आणि मधे मधे मान हलवत होता, हे बरोबर, हेही बरोबर, अशी.

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली आणि निखिल सांगायचा थांबला. निखिलची पाच वर्षांची मुलगी सुट्टीत आजोबांकडे आली होती. दादा तिला बागेत घेऊन गेला आणि एकटाच परत आला. शेजारची बाई तिला थोड्या वेळाने घरी घेऊन आली. वहिनींनी त्या बाईला शपथ घातली आणि कुणालाही सांगितलं नाही, मुलाला नाही, नवऱ्याला नाही.

निखिल भिंतीकडे बघत होता.

"हे मला माहीत नव्हतं," दादा म्हणाला.

त्याने डॉक्टरांकडे कागद मागितला, खिशातलं पेन काढलं आणि आतापर्यंत ऐकलेलं सगळं क्रमाने लिहायला घेतलं. शेवटच्या ओळीशी तो थांबला. "तारीख कुठली?" त्याने वहिनींना विचारलं.

वहिनींना ती पाठ होती. त्यांनी सांगितली आणि दादाने लिहून घेतली.